जुन्या गिअरबॉक्सला हात लावू नका

केजात ऑटोमॅटिक गाडी चालवणारी पहिली बाई मीच, आणि हे मी मिरवून सांगते. अजूनही कुणीतरी काचेतून आत वाकून बघतं आणि विचारतं, "म्याडम, क्लच कुठाय?" मी सांगते, विकून खाल्ला.

मी जनावरांची डॉक्टर. शेळी, मेंढी, म्हैस, बैल, जे जिथं आडवं पडलं असेल तिथं जाणं हा माझा धंदा. आणि माझा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. पाय आहे, पण नावाला. त्याच्यात क्लच दाबायचं बळ नाही आणि आता काही येणारही नाही. म्हणून जिच्यात क्लचच नाही अशी गाडी मला लागते. बऱ्याच वर्षांमागं पुण्याहून कुणाची तरी वापरलेली ऑटोमॅटिक आणली आणि तेव्हापासून केज तालुक्यातले सगळे खड्डे आम्ही दोघींनी मिळून मोजले.

गाडी येईपर्यंत मला लोकांनी उचललं. आमचं घर मेंढरामागं फिरणारं. बिऱ्हाड हललं की घोड्यावर भांडी, कोंबड्या, नवी कोकरं आणि मी. शाळेचं वय झालं तेव्हा मला गावात चुलत्याकडं ठेवलं, तर थोरला भाऊही माझ्यासाठी मागं राहिला आणि रोज पाठुंगळी घेऊन शाळेत नेऊ लागला. पुढं कॉलेजात मैत्रिणींनी हात दिला. डॉक्टर झाले तरी कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून जायचे. सगळ्यांचे उपकार आहेत, नाही कोण म्हणतंय? पण ज्याला उचलून नेतात त्याला कधी निघायचं हे कुणी विचारत नाही. तयार होऊन ओट्यावर बसून वाट बघायची, एवढंच त्याच्या हातात. गाडी आली आणि मी म्हणेन तेव्हा निघायला लागले. हे सुख काय असतं ते दोन्ही पाय धड असलेल्याला सांगून कळायचं नाही, म्हणून मी सांगतही नाही.

तर गेल्या हिवाळ्यात या गाडीनं नखरे सुरू केले. सकाळी गिअरची दांडी 'डी'वर टाकली की ती लगेच उचलायची नाही. विचार करायची. मग एकदम धक्का देऊन निघायची. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना हिसका. आणि चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मात्र आहे तिथंच. काट्यानं दोन लाख किलोमीटर कधीच ओलांडलेले. इंजिनचं ऑइल मी वेळच्या वेळी बदलत आले होते, त्यात माझी खोट नव्हती. पण गिअरबॉक्सच्या तेलाला कधी कुणी हातच लावला नव्हता. पुण्याच्या मालकानं विकतानाच सांगितलं होतं की ते जन्मभराचं असतं. कुणाच्या जन्मभराचं, ते काही बोलला नाही.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, याची हयात केज-बीड काळी-पिवळी जीप चालवण्यात गेली. टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं, आणि हा पुढं अर्ध्या कुल्ल्यावर बसून गिअर टाकणार. असल्या माणसाला माझी गाडी म्हणजे लेकराचा पाळणा. तिचे हिसके त्यानं एकदाच बघितले आणि दुसऱ्या दिवशी चहाला आला तो ठरवूनच.

"बाई, ही इकून टाक," तो म्हणाला. "भंगारवाल्याशी बोललोय मी. साधी गाडी घेऊ आन ड्रायव्हर ठिवू. गडी बगून ठिवलाय. लई गरीब हाय, तंबाखूसुदीक खात न्हाई."

"आणि गडी जेवायला घरी गेला असला तर म्हशीनं व्यायचं थांबायचं का?"

"म्हशीला काय कळतंय."

"म्हशीला नाही, मला कळतंय."

"आगं, किती दिस करणार हायस एकटी? वय झालं आता. मी हाय म्हणून सांगतोय."

हेच तर. तो आहे म्हणून सांगत होता. त्याच्या पाठीवर बसून मी चौथीपर्यंत गेले, त्यामुळं त्याला माझ्यावर रागवायचा हक्क आहे आणि मला त्याच्यावर चिडायची लाज वाटते. पण त्या दिवशी मी चिडले. आतून अशी चिडले की चहा तसाच राहिला. कारण मला दिसत होतं की गिअरबॉक्स बसला तर मला नवी ऑटोमॅटिक घेणं झेपणार नाही, घरात एकच ठराव होईल, आणि मी पुन्हा तयार होऊन ओट्यावर बसेन. तंबाखू न खाणाऱ्या गड्याची वाट बघत.

मी म्हणाले, "दादा, मला आधी मिस्त्रीला दाखवू दे."

आमचे मिस्त्री म्हणजे बीड रोडला गॅरेज असलेले एक पोक्त गृहस्थ. ट्रॅक्टर आणि जीप हे त्यांचं राज्य. उसाच्या दिवसांत त्यांच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागते. माझी गाडी ते इतकी वर्षं माणुसकीखातर बघायचे, पण तिच्या गिअरबॉक्सकडे मात्र शेजारच्या घरातल्या भांडणाकडे बघावं तसं तोंड फिरवून बसायचे.

"मिस्त्री, तेल बदलायचं."

"म्याडम, जुन्या गिअरबॉक्सला हात लावू नका," ते म्हणाले. "तुमच्या पाया पडतो. नवं तेल घातलं की जुनी गाडी मरती. लई बगितल्यात. आंबाजोगाईच्या एका सायबाची अशीच गाडी व्हती. चांगली चालत व्हती. सायबानं हौसेनं शेहरात न्हेऊन तेल बदाललं, आन हप्त्यात गाडी उबीच. पुडं न्हाई, मागं न्हाई."

"कसं बदललं त्यांनी?"

"मशीन लावून. जुनं तेल थेंब ठिवलं न्हाई. समदं धुऊन काडलं, पार कोपऱ्याकोपऱ्यातलं, आन नवं भरलं."

"सगळं एकदम?"

"मंग? बदलायचं म्हणल्यावर समदंच की."

मी त्यांच्या स्टुलावर बसले आणि हसायला लागले. मिस्त्रींना वाटलं, बाई बिथरली. पण मला माझं उत्तर मिळालं होतं, आणि ते त्यांच्याच तोंडून.

आता हे सांगायला पाहिजे. दर लग्नसराईत माझ्याकडे एक ठरलेला फोन येतो. लग्नात भात उरलेला, बुंदी उरलेली, पोळ्या उरलेल्या. टाकून कशाला द्यायचं, म्हणून कुणीतरी ते घमेलं भरून गाईपुढं ठेवतं. प्रेमानंच ठेवतं बरं का, वर हातही जोडतं. सकाळपर्यंत गाय बसलेली असते. पोट टम्म, रवंथ बंद, डोळे खोल. लोक म्हणतात अन्न खराब होतं. अन्नाला काही झालेलं नसतं. गाईच्या पोटात कडबा पचवायची जी यंत्रणा बसलेली असते ती एका रात्रीत भातावर येत नाही, एवढंच झालेलं असतं.

माझ्या बापाला शाळा माहीत नव्हती, पण हे माहीत होतं. उन्हाळा वाळक्या कुरणात काढून मेंढरं हिरव्या शिवारात आली की तो त्यांना एकदम मोकळी सोडायचा नाही. आधी काहीतरी वाळलेलं पोटात घालायचा, मग घटकाभर हिरव्यात, की लगेच हाकून बाहेर. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. मेंढरं ओरडायची, आई ओरडायची, तो ढिम्म. "पोटाला वळख पडू दे," म्हणायचा. आमच्यातले सगळेच असं करायचे. ज्यांनी केलं नाही त्यांची मेंढरं मेली, म्हणून बाकीचे करायला शिकले. हिरवं वाईट असतं म्हणून कुणी कधी म्हणालं नाही. एकदम वाईट असतं.

मग गाडीला वेगळा न्याय कशाला? इतकी वर्षं जे तेल आत फिरलं त्याच्यात गिअरबॉक्सच्या पोटात आपोआप चालणाऱ्या, पायानं न दाबायच्या क्लचची झीज मिसळलेली. आतल्या प्लेटी त्या जाडसर, मळक्या तेलाच्या आधारानं एकमेकींना धरून बसलेल्या. तो आधार एका दिवसात धुऊन काढला की त्या घसरणारच. साहेबाची गाडी नव्या तेलानं मेली नव्हती, घाईनं मेली होती.

मी मिस्त्रींना म्हणाले, "आपण सगळं नाही काढायचं. खालचा नट खोलायचा, जेवढं आपोआप गळेल तेवढंच घ्यायचं. बाकीचं आतच राहू दे. जेवढं निघालं तेवढंच नवं घालायचं. मी ते घेऊन पंधरा-वीस दिवस फिरते. मग परत तसंच. मग परत."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. "आन मेली तर?"

"तर माझी. तुमच्या नावानं बोंब मारणार नाही. आणि हे बघा, नट काढल्यावर तेलात कच लागली, लोखंडाची बारीकशी जरी खडी सापडली, तर नट परत लावायचा आणि मी तोंडातून शब्द काढणार नाही. गाडी भंगारात."

मिस्त्री वाकून गाडीच्या तळाकडं बघून आले. शेवटी म्हणाले, "तेल कोणचं ते तुमी आणा. मी आणलं तर ट्रॅक्टरचंच यील." आपल्याला काय येत नाही हे सांगणारा मिस्त्री मिळायला नशीब लागतं.

तेल बीडहून आणलं, याच गिअरबॉक्सला चालणारं, लाल रंगाचं. बरण्या हातात आल्या तेव्हा मला सरबताची आठवण झाली. ठरल्या दिवशी सकाळी गाडी थोडी फिरवून कोमट केली आणि मिस्त्रींच्या खड्ड्यावर उभी केली. खाली स्वच्छ घमेलं. मिस्त्रींनी पाना लावला, नट सैल केला आणि शेवटचा आटा बोटांनी फिरवून हात झटकन काढून घेतला.

काळं तेल आलं. काळं म्हणजे मुळात लाल होतं यावर विश्वास बसू नये इतकं. वास करपलेल्या भाकरीचा. मिस्त्रींनी नट वर धरला. नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, आणि त्यावर करड्या रंगाचा लेप बसला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि बोट माझ्यापुढं केलं. मी आयुष्यभर शेण हातात घेऊन चोळत आले आहे, मला कसली किळस? मी माझ्या दोन बोटांत घेऊन चोळला. मऊ. काजळासारखा मऊ. पुन्हा चोळला. कुठंही कच नाही.

"हाय, जीव हाय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा माझ्या बाजूचा झाला.

घमेल्यातलं काळं तेल आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून फळीवर ओळीनं ठेवलं आणि तशाच बाटल्यांत तेवढंच लाल तेल मापून त्यांच्यासमोर लावलं. जितक्या काळ्या तितक्या लाल, हिशेब डोळ्यांपुढं. या गाडीत तेल घालायचं ते तेल मोजायच्या काडीच्याच भोकातून, आणि मिस्त्रींचं नरसाळं तिथं शिरेना. मी माझ्या बॅगेतली नवी नळी काढून दिली. ही आम्ही जनावराच्या पोटात औषध सोडायला वापरतो. मिस्त्री म्हणाले, "म्याडम, आता हिला दवापाणीच चाललंय म्हणा की." पहिली लाल बाटली नळीतून गेली, दुसरी जायला लागली, आणि तेवढ्यात गॅरेजच्या दारात एक बाई शेळी घेऊन हजर.

हे असंच असतं माझं. दवाखान्याला कुलूप दिसलं की लोक गाडी कुठं उभी आहे ते शोधत येतात. शेळीचं पोट फुगलेलं, मान टाकलेली. मी लगोलग बाहेर गेले. रस्त्याकडेच्या लिंबाखाली तिला धरून, तेल पाजून, पोट चोळून तिचा गॅस बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला. ती बाई शेळीला शिव्याही देत होती आणि रडतही होती. शेळी उठून उभी राहिली तेव्हा कुठं गप्प झाली. मी हात धुऊन परत आले तर गाडी खड्ड्यावरून बाजूला.

"झालं, म्याडम. काडीवर बरूबर दावतंय."

मी दांडी टाकली. गाडीनं लगेच उचललं, हिसका कमी. मी खूश. मिस्त्रीही खूश. तशीच एका गावाला निघाले, वासरू बघायला.

केज सोडल्यावर थोड्या अंतरावर एक टेकाड लागतं. चढ म्हणावा इतकाही नाही, बैलगाड्या गप्पा मारत चढतात. त्या टेकाडाच्या मध्यात इंजिन बोंबललं आणि गाडी थांबली. मी रेस दाबली. नुसता आवाज. मग गाडी हळूच मागं सरकायला लागली.

मी ब्रेक दाबून बसले. मागं एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढं आला तो घराचा ओटा. आपलीच अक्कल आपल्याला नडली, असं वाटलं. हात लावू नका म्हणून सगळं केज सांगत होतं आणि ही मोठी शहाणी बापाची मेंढरं घेऊन बसली. ट्रॅक्टरवाल्याला हातानं पुढं जायला सांगितलं, गाडी न्यूट्रलवर टाकली आणि ब्रेक सोडत सोडत मागं उतरवली, सपाटीवर येईपर्यंत. तिथं पुन्हा दांडी डीवर टाकली, तर गाडीनं निमूट उचललं. पुढं चालली. जणू काही झालंच नाही.

तिथं मला जरा शुद्ध आली. प्लेटी गेल्या असत्या तर सपाटीवरही असं सरळ चालली नसती. चढावर सोडते आणि सपाटीवर धरते, याचा अर्थ चढावर आतलं तेल मागं पळतंय आणि ते वर ओढणाऱ्या पंपाचं तोंड कोरडं पडतंय. म्हणजे तेल कमी आहे. पण कमी कसं असेल? आम्ही मापून ठेवलं होतं.

बैलाच्या चालीनं गाडी गॅरेजवर आणली. केजात बातमी माणसाच्या आधी पोचते. दादा तिथं आधीच येऊन उभा. ज्या ट्रॅक्टरवाल्याला मी पुढं जाऊ दिलं त्यानंच फोन करून सांगितलं असणार.

"कावून ऐकत न्हाईस तू कुणाचं?" दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्त लागलं. "मदल्या चढाला मागं आलीस म्हणं. एकांदा ट्रक असता मागं तर? मी फोन करतो त्या गड्याला."

"कर," मी म्हणाले. "पण माझं झाल्यावर."

मी काठी टेकत सरळ फळीपाशी गेले. मागच्या ओळीत काळ्या बाटल्या होत्या. पुढच्या ओळीतल्या लाल बाटल्या रिकाम्या हव्या होत्या. एक होती शिगोशीग भरलेली, झाकणासकट.

"मिस्त्री, हे काय?"

"ते उरलं," मिस्त्री म्हणाले. "तुमी शेळीकडं गेलतात. मी काडी बगितली तर खुणंच्या वर दावत व्हती. ज्यास्त भरलं तर सील फुटत्यात, म्हणून हात आवरला."

"काडी बघितली तेव्हा इंजिन चालू होतं का बंद?"

"बंद. बंदच करून बगत्यात की, म्याडम. जलमभर तसंच बगितलंय."

त्यांचं चुकलं नव्हतं म्हणा. ट्रॅक्टरचं तेल तसंच बघतात. ट्रॅक्टर सपाटीला उभा करायचा, बंद करायचा, तेल खाली बसू द्यायचं, मग काडी. सगळ्या केजची काडी अशीच बघितली जाते. पण या गाडीत इंजिन बंद असताना सगळं तेल तळाला उतरून बसतं आणि काडीवर भरपूर दिसतं. चालू केलं की त्यातलं पुष्कळसं वर ओढलं जातं, आणि मग तळाला जे उरतं ते खरं. बसलेल्या गाईच्या पोटावर मूठ ठेवून मी कधी निदान केलं नाही. आधी उठवते, मग हात लावते. हे मी मिस्त्रींना तस्संच सांगितलं. ते गाडीकडं गेले, इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून दांडी गिअरच्या सगळ्या घरांतून फिरवून परत जागेवर आणली, आणि चालू इंजिनावर काडी काढली.

काडीचं नुसतं टोक ओलं होतं.

दादानं काडी बघितली. मिस्त्रींनी बघितली. मग मिस्त्रींनीच ती उरलेली बाटली आणली, नळी लावली, आणि स्वतःच्या हातानं सावकाश सगळी आत सोडली. इंजिन चालूच. पुन्हा काडी काढली. पुसली, घातली, काढली. तेल बरोबर खुणेवर.

"माझ्याच्यानं झालं हे," मिस्त्री दादाला म्हणाले. "म्याडमचं माप बरूबर व्हतं."

असं तोंडावर बोलायला छाती लागते. मी त्यांना चहा पाजला. दादानं चहा घेतला, पण फोनही खिशात घातला नाही. त्याला अजून पटलं नव्हतं आणि त्याला मी दोष देत नाही. एका काडीवर माणसाचं मन बदलत नसतं.

त्यानंतर मी त्याच टेकाडावरून गेले. गाडी चढली. वासराला बघितलं, घरी आले. पंधरवडाभर नेहमीसारखं काम केलं. पुन्हा नट खोलला, पुन्हा बाटल्या, पुन्हा तेवढंच. या खेपेला तेल काळं नव्हतं, काढ्यासारखं तपकिरी होतं. गाडीचं सकाळचं विचार करत बसणं बंद झालं. महिना उलटल्यावर तिसऱ्यांदा काढलं तेव्हा घमेल्यात चक्क लालसर आलं. मिस्त्रींनी ते बाटलीत भरून उन्हात धरलं आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून दाखवलं. आता ते गिऱ्हाइकांना सांगतात, जुन्या गिअरबॉक्सला हात लावा, पण सबुरीनं लावा. आंबाजोगाईच्या साहेबाचं नाव आता कुणी काढत नाही.

राहिला दादा. त्यानं त्या गड्याला नाही म्हणून सांगितलं नव्हतं. "घाटात बगू," एवढंच म्हणायचा.

मग एक दिवस बीडजवळच्या पालीहून फोन आला. बिंदुसरेच्या धरणाकडं मेंढरं उतरली होती, आमच्याच नात्यातली माणसं, आणि मेंढरांना खुरांचा त्रास सुरू झाला होता. मी निघाले. दादा म्हणाला, मीही येतो. त्याला मेंढरं बघायची नव्हती, मला माहीत होतं. जाताना घाट उतरायचा होता, उतरायला काय लागतं. दिवसभर मी खुरं धुतली, औषध लावलं, इंजेक्शनं दिली. दादा काठावर बसून नातेवाइकांशी बोलत होता आणि मधूनमधून गाडीकडं बघत होता. उन्हं कलायच्या आत निघालो. आता घाट चढायचा होता.

या घाटात दादानं काळी-पिवळी किती वर्षं चढवली असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. कुठल्या वळणाला कुठला गिअर हे त्याच्या अंगात भिनलेलं. पहिलं वळण आलं. माझ्या पुढं उसाचा भरलेला ट्रक, मागं एसटी. थांबायची सोय नाही. मी रेस वाढवली. गाडीनं एक गिअर खाली घेतला, हिसका नाही, बोंब नाही, आणि ट्रकच्या मागं मागं सरळ चढायला लागली.

मी दादाकडं बघितलं नाही, रस्ता बघत होते. पण खाली काहीतरी हलतंय असं वाटलं म्हणून एक नजर टाकली. त्याचा डावा पाय. वळण आलं की तो गाडीच्या तळाला दाबला जायचा, वळण संपलं की सुटायचा. दाब, सोड. दाब, सोड. बाजूच्या सीटवर बसून हा माणूस क्लच मारत होता. माझी गाडी तो घाटातून चढवून नेत होता, लहानपणी मला न्यायचा तशी.

मला हसू आलं.

"दादा," मी म्हणाले, "तो पाय ठेव गप. या गाडीत डाव्या पायाला काही काम नसतं."

त्यानं खाली बघितलं. आधी स्वतःच्या पायाकडं, मग माझ्या. मग त्यानं पाय हळूच मागं ओढून घेतला आणि माझा ठेवलेला असतो तसा बाजूला ठेवून दिला. घाट संपेपर्यंत तो पाय त्यानं परत हलवला नाही.